साडेअकराशेची पेटी आणि ऐंशीचं गाडगं

भाचीने पुण्याहून कुरियरने पेटी पाठवली तेव्हा मी दुकानात नीटच्या सराव पेपरांच्या झेरॉक्स काढत होतो. खाकी पुठ्ठ्याची पेटी, वर मडक्याचं चित्र, आत कागदाच्या पट्ट्यांत बसवलेलं खरंच एक मडकं. शेजारच्या पानवाल्याने विचारलं, "लोणचं आलं का?" म्हणालो, कॉफी आली. त्याने मडक्यात डोकावून बघितलं आणि काही न बोलता परत पानाला चुना लावायला लागला. चुना खरं तर मला लागलेला होता, पण ते मला दोन दिवसांनी कळलं.

पेटी म्हणजे घरच्या घरी मेक्सिकन मसाला कॉफी करायचं सामान. पाऊण लिटरचं रंगवलेलं मातीचं भांडं, दीडशे ग्रॅम कॉफी पावडर, दोनशे ग्रॅम गुळाची पावडर, दालचिनीच्या सहा काड्या, चिमूटभर लवंगा, गाळायला एक कापडी पिशवी आणि कृती छापलेलं कार्ड. भेट असल्यामुळे किमतीवर पट्टी चिकटवली होती. मी मोबाईलवर शोधून काढली : ११४९ रुपये. कंपनीचं नाव लिहीत नाही. पुढे जे लिहिणार आहे ते त्यांना आवडणार नाही, आणि मला भाचीशी संबंध ठेवायचेत.

पेटीवरचं नाव मी ‘काफे दे ओला’ असं वाचलं. बायको म्हणाली, ओला कसला, कोरडाच दिसतोय. भाचीने फोनवर दुरुस्त केलं, "मामा, ओला नाही, ओया. स्पॅनिशमध्ये दोन एल आले की य होतो. ओया म्हणजे मडकं." म्हणजे मडक्यातली कॉफी. एवढं साधं नाव, पण इंग्रजीत छापलं की त्याचे साडेअकराशे होतात.

आमच्याकडे कॉफी हा तसा घरचा प्रकार नाहीच. लातूरला सकाळ चहाने होते, दुपार चहाने होते, आणि कुणी ‘चहा नको’ म्हणालं तर त्याची तब्येत बरी नाही असं समजतात. कॉफी व्हायची ती शहरातले पाहुणे आले की. भरपूर दूध, भरपूर साखर आणि वरून किसलेलं जायफळ. दुसरी कॉफी म्हणजे पोट बिघडल्यावर लिंबू पिळून द्यायची कोरी कॉफी. त्यामुळे घरात बिनदुधाच्या कॉफीचा वास सुटला की आई लगेच विचारते, कुणाला जुलाब लागलेत.

तर ही कॉफी. मेक्सिकोत १९१० साली क्रांती सुरू झाली आणि दहाएक वर्षं लढाया चालल्या. फौजांबरोबर बायकाही चालायच्या, त्यांना सोल्दादेरा म्हणतात. रांधायचं त्यांनी, जखमा बांधायच्या त्यांनी, वेळ पडली तर बंदूकही उचलायची. त्या मोठ्या मातीच्या भांड्यात कॉफी, गूळ आणि दालचिनी एकत्र करून शिपायांना द्यायच्या, आणि तिथून ही कॉफी देशभर पसरली असं तिकडे सांगतात. सांगोवांगीची गोष्ट, पण पटते. रात्रभर चाललेल्या माणसाला गरम, गोड आणि कडक एकाच घोटात द्यायचं तर आणखी काय देणार?

यातलं मूळचं मेक्सिकोचं काय म्हणाल, तर फक्त माती. कॉफीचं झाड इथिओपियाकडचं, तिकडे पोचलं अठराव्या शतकाच्या शेवटाला. ऊस स्पॅनिश लोकांनी नेला. दालचिनी श्रीलंकेची, आणि लंकेची दालचिनी घेणाऱ्या देशांत मेक्सिको आजही अगदी पुढे आहे. बदल्यात त्यांची मिरची, मका आणि टोमॅटो आपल्याकडे आले. आईच्या ठेच्यातली मिरची तिकडची, त्यांच्या कॉफीतली दालचिनी इकडची. फिट्टंफाट.

आता पेटीकडे वळतो.

कार्डावर लिहिलं होतं, भांडं धुवून घ्या आणि थेट गॅसवर ठेवा. मी आज्ञाधारक माणूस, ठेवलं. मोठ्या बर्नरवर, कारण दुकान उघडायचं होतं. पाणी, गूळ, दालचिनी टाकली आणि दात घासायला गेलो. चार-पाच मिनिटांत आतून ‘टक्’ असा आवाज आला. फार मोठा नाही, सुपारी फुटावी तेवढा. येऊन बघतो तर भांड्याच्या बुडापासून कानापर्यंत केसाएवढी रेघ, आणि त्या रेघेतून गुळाचं पाणी थेंब थेंब बर्नरवर. पहिल्यांदा ज्योत पिवळी झाली, मग अर्धा बर्नर विझला. बाकीच्या अर्ध्यावर गूळ जळून काळा डांबरासारखा चिकटला. तो बर्नर बायकोने दोन दिवस सोड्यात भिजवून ठेवला होता आणि त्या दोन दिवसांत मला चहा मागायची सोय नव्हती.

कंपनीला मेल केला, फोटो पाठवले. उत्तर आलं : मातीची वस्तू हाताने बनवलेली असल्यामुळे तडा जाणं स्वाभाविक आहे, बदलून मिळणार नाही. खाली फुलाचं चित्र आणि ‘तुमचा दिवस आनंदात जावो’. माझा गेला.

पण फुटलं ते एका अर्थी बरंच झालं. भांड्याला आतून-बाहेरून काचेसारखी चकाकी होती आणि वर लाल-निळी फुलं. मातीच्या भांड्याला चकाकी कशाची दिली आहे ते विचारावं लागतं. मेक्सिकोतच पिढ्यान्‌पिढ्या शिसं असलेली झिलई वापरत आलेत, ‘ग्रेता’ म्हणतात तिला. कमी आचेवर भाजलेल्या अशा भांड्यातून शिसं अन्नात उतरतं, म्हणून तिथे आता बिनशिशाच्या झिलईसाठी कुंभारांच्या मागे लागावं लागतंय. या पेटीवर कॅलरी छापल्या होत्या, ‘प्रेमाने बनवलेलं’ असं छापलं होतं, झिलईबद्दल एक अक्षर नव्हतं. रंगीत भांडं शोभेला ठेवावं, त्यात उकळू नये, असं माझं सरळ मत.

कॉफी पावडर. पाकिटाच्या मागे मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं : कॉफी ७० टक्के, चिकोरी ३० टक्के, आणि दालचिनीचा कृत्रिम स्वाद. आपल्याकडे कॉफीत चिकोरी, म्हणजे एका रोपाच्या भाजलेल्या मुळाची पूड, मिसळायला परवानगी आहे, फक्त कॉफी निदान ५१ टक्के हवी आणि प्रमाण पाकिटावर छापलं पाहिजे. म्हणजे गुन्हा काही नाही. दाक्षिणात्य फिल्टर कॉफीत चिकोरी शोभतेही, दुधाला रंग आणि दाटपणा येतो. पण मडक्यातली कॉफी कोरी प्यायची. तिथे चिकोरी जळक्या मुळासारखी जिभेच्या मागे बसून राहते. आणि दालचिनीच्या सहा काड्या शेजारी ठेवल्यावर पावडरीत पुन्हा दालचिनीचा कृत्रिम स्वाद कशाला? देवळात नारळ ठेवायचा आणि शेजारी नारळाचा फोटो लावायचा, त्यातला प्रकार. शिवाय पावडर पिठासारखी बारीक. कापडी पिशवीतून ती निम्मी खाली उतरते आणि शेवटचा घोट गाळाचा होतो.

दालचिनीच्या त्या सहा काड्यांचंही सांगतो. जाड, कडक, एकच साल दोन्हीकडून वळलेली, मोडायला गेलो तर बोटं दुखली. ही कॅशिया, आपल्या किराण्यात बहुतेक ठिकाणी मिळते तीच. मटणाला उत्तम. मेक्सिकोत वापरतात ती लंकेची खरी दालचिनी : कागदासारखे पापुद्रे एकात एक गुंडाळलेले, विडीसारखी सडपातळ, चिमटीत दाबली तर चुरा होतो. वास गोडसर, तिखटपणा कमी. कॅशिया उकळली की मसाल्याच्या रश्श्याची आठवण येते. खरी दालचिनी उकळली की खीर चुलीवर आहे असं वाटतं. आमच्या गंजगोलाई बाजारात सोळा रस्ते येऊन मिळतात, त्यातल्या तीन रस्त्यांवरच्या मसालेवाल्यांकडे मी ‘पातळ दालचिनी’ मागितली. दोघांनी बारीक तुटकी कॅशियाच दाखवली. तिसऱ्याने खालच्या खणातून डबा काढला आणि म्हणाला, "ही डायबेटीसवाले नेतात." पन्नास ग्रॅम घेतली. महाग आहे, पण एका वेळी एकच काडी लागते.

आणि गूळ. इथे मात्र मला बोलायचा अधिकार आहे, कारण आमचं शेत औशाच्या पुढे आहे आणि लहानपणी वडिलांचा ऊस गुऱ्हाळाला जायचा. रात्रभर चुलवण चालायचं, चिपाडं कोंबत राहायची. काहिलीत रस उकळी धरायला लागला की रानभेंडीचा चिकट रस टाकायचे, मग मळी फेसाबरोबर वर यायची आणि एक माणूस लांब दांड्याच्या झाऱ्याने ती काढत बसायचा. तो गूळ तपकिरी असायचा, कधी कधी जवळजवळ काळा. ढेप फोडली की आत ओलसर, दाणेदार. पुढे बाजाराला पिवळाधमक गूळ आवडायला लागला आणि गुऱ्हाळवाल्यांनी रंग उजळायला हायड्रोस नावाचं रसायन टाकायला सुरुवात केली. आमच्या शहरात ‘गूळ मार्केट’ नावाचा भाग आहे, तरी काळा गूळ मागितला की दुकानदार आधी वर बघतो, मग विचारतो, "जनावरासाठी?"

मेक्सिकोतल्या गुळाला पिलोन्सियो म्हणतात. उसाचा रस आटवून शंकूच्या साच्यात ओततात, एवढाच फरक. रंग गडद, चव काकवीकडे झुकलेली, किंचित धुरकट. म्हणजे आपला काळा गूळच. पेटीतली ‘ऑरगॅनिक जॅगरी पावडर’ मात्र हळदीच्या लग्नाला जाऊन आल्यासारखी पिवळी होती. गोड होती, पण नुसती गोड. चवीला पुढे-मागे काही नाही. ज्या कॉफीत गुळाचीच चव मुख्य, तिच्यासाठी हा गूळ म्हणजे पोहे करायचे आणि पोहेच विसरायचे.

तर पेटीतलं भांडं फुटलं, पावडर चिकोरीची, दालचिनी भलतीच, गूळ फिका. राहिलं कार्ड. कार्डावर लिहिलं होतं, सगळं एकत्र टाकून दहा मिनिटं खळखळ उकळा. हे मी स्टीलच्या पातेल्यात करून बघितलं. आई दारातून म्हणाली, "काय शिजवूलालास रे? काढा हाय का?" मी म्हणालो, कॉफी. तिने घोटभर घेतली, ग्लास खाली ठेवला आणि म्हणाली, "व्हय, काढाच हाय." आईचं बरोबर होतं. कॉफी दहा मिनिटं उकळली की तिच्यातलं चांगलं पहिल्या तीन-चार मिनिटांत येतं आणि नंतर फक्त कडूपणा उतरत राहतो.

इथे खरं तर मी हे प्रकरण बंद करणार होतो. पण साडेअकराशे रुपये, भले भाचीचे असोत, डोक्यातून जाईनात. शिवाय त्या एका फसलेल्या सकाळी, भांडं फुटायच्या आधी, गूळ आणि दालचिनीचं पाणी तापताना जो वास आला होता तो पातेल्यात आलाच नव्हता.

कुंभारवाड्यात गेलो. तिथली मावशी उन्हाळ्यात माठ आणि संक्रांतीला सुगडं करते, मधल्या दिवसांत दह्याची बोळकी आणि कुंड्या. तिला सांगितलं, कॉफी करायला गाडगं पाहिजे, रंग नको, झिलई नको. कॉफी हा शब्द तिने सोडून दिला आणि विचारलं, "जाळावर चढवायचं हाय का नुसतं ठेवायचं?" जाळावर, म्हणालो. मग तिने मांडलेल्या गाडग्यांपैकी चार उचलली, एकेक डाव्या तळहातावर धरून उजव्या हाताच्या बोटाच्या पेराने वाजवलं. तिघांचा आवाज भद्द आला. चौथं टणकन वाजलं. "ह्ये न्या. ह्ये चांगलं भाजलंय." त्याचं बूड गोल होतं, तोंड रुंद, कड जराशी बाहेर वळलेली. ऐंशी रुपये. मी पेटीतल्या भांड्याची गोष्ट सांगितली तेव्हा हसली. "गॅसचा जाळ एकाच जागी लागतोय, चुलीचा सगळीकडनं. एकदम तापलं की माती भेदरती बाबा."

तिने सांगितलं ते तसंच्या तसं केलं. गाडगं रात्रभर पाण्यात बुडवून ठेवलं. पहिला तासभर त्यातून बुडबुडे निघत होते, माती पाणी पीत होती. सकाळी त्यात तांदळाची पातळ पेज मंद आचेवर अर्धा तास उकळली आणि तशीच थंड होऊ दिली. पेजेतला स्टार्च मातीच्या छिद्रांत जाऊन बसतो, मग गाडगं पाझरत नाही. गॅसवर आधी जुना लोखंडी तवा, तव्यावर गाडगं, आणि आच सुरुवातीला अगदी बारीक. साबण अजिबात लावायचा नाही, माती तोही पिते आणि पुढच्या वेळी परत देते. नुसतं गरम पाणी आणि नारळाची शेंडी. अडीच महिने झाले, रोज नाही पण आठवड्यातून तीनदा चढतं, अजून रेघ नाही.

पाण्याचंही सांगायला पाहिजे. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आलेलं गाव आमचं, त्यामुळे पाण्याची चव बघायची असते हे आम्हाला उशिरा कळतं. बोअरचं पाणी इतकं जड की किटलीत पांढरा थर धरतो. त्या पाण्यात कॉफी मुकी होते, आंबटगोड असं काही लागतच नाही. जारचं पाणी वापरलं आणि तीच कॉफी बोलायला लागली.

कॉफीचे दाणे चिकमंगळूरकडचे मागवले, अरेबिका, मध्यम भाजलेले, पाव किलोला साडेतीनशे. लातूरला भाजलेले दाणे शोधायला दोन दिवस फिरलो, शेवटी ऑनलाइनच घ्यावे लागले. मिक्सरमध्ये तीन-चार झटके द्यायचे, सलग फिरवायचं नाही. लापशीच्या रव्याइतकं जाड झालं की थांबायचं. एकदा आईच्या आग्रहाने खलबत्त्यात कुटून बघितलं. वास घरभर गेला, पण काही दाणे अख्खे आणि काहींची भुकटी, त्यामुळे कॉफी एकाच वेळी कच्चीही लागली आणि कडूही.

आता मी करतो ते असं. एक लिटर पाणी, शंभर ग्रॅम काळा गूळ फोडून, दालचिनीची एक बोटभर काडी, दोन लवंगा. मंद आचेवर गूळ विरघळला की आणखी आठ-दहा मिनिटं हळू उकळू द्यायचं. पाण्याचा रंग नव्या तांब्यासारखा होतो. मग गॅस बंद. मडकं स्वतःच इतकं तापलेलं असतं की उकळी दोन मिनिटं तशीच चालू राहते. ती बसली की साठ ग्रॅम कॉफी टाकायची, एकदा लाकडी पळीने ढवळायचं, झाकण ठेवायचं आणि पाच मिनिटं हात लावायचा नाही. पाच मिनिटांनी थोडं गार पाणी शिंपडलं की वर तरंगणारी कॉफी खाली बसते. मग सुती फडक्यातून गाळायची. तिकडे कुणी बडीशेपेसारख्या वासाचं चक्रीफूल टाकतात, कुणी संत्र्याची साल. संत्र्याची साल मी घातली, चांगली लागते, फक्त आतला पांढरा भाग खरवडून काढावा लागतो. चक्रीफूल एकदाच घातलं. बायको म्हणाली, आता फक्त तांदूळ टाका.

चव कशी? पहिल्यांदा दालचिनी येते, पण नाकाला, जिभेला नाही. मग गुळाचा तो खालचा, थोडा खारट, थोडा जळका सूर, जो साखरेत कधीच नसतो. कॉफी सगळ्यात शेवटी, आणि कडूपणा गुळाने असा उचललेला असतो की तो कडू वाटत नाही, भरीव वाटतो. आणि या सगळ्याच्या खाली माती. नव्या माठातलं पहिल्या दोन दिवसांचं पाणी जसं लागतं, तसं अगदी हलकं. तेच सामान मी स्टीलमध्ये करून शेजारी ठेवलं होतं. मुलाला डोळे मिटून दोन्ही कप दिले. त्याने गाडग्यातली लगेच ओळखली, पण त्याला स्टीलमधलीच आवडली. "पप्पा, यात मातीचा वास येतो." येतो. ज्याला माठाऐवजी फ्रिजचं पाणी लागतं त्याने या वाटेला जाऊ नये.

दुधाचं प्रकरण वेगळंच झालं. बायकोला कोरी कॉफी चालत नाही. तिने तयार कॉफीत दूध ओतून पातेलं पुन्हा गॅसवर ठेवलं आणि दूध फाटलं. गुळाचा चहा करणाऱ्या प्रत्येकाच्या हातून हे एकदा तरी होतंच. गुळात आंबटपणा असतो, वर कॉफीचा, आणि उकळीत दूध त्यापुढे टिकत नाही. मेक्सिकोत ही कॉफी बिनदुधाची पितात म्हणून त्यांना ही अडचणच नाही. आमच्याकडे मग असं ठरलं : दूध वेगळं तापवायचं, कॉफी कपात ओतून दोन मिनिटं निवू द्यायची, मग दूध घालायचं आणि पुन्हा गॅसकडे न्यायचं नाही. त्यावर तिने जायफळ किसलं. भाचीला हे सांगितलं तर ती म्हणाली, मामी, मग ती मेक्सिकन राहिली नाही. मामी म्हणाली, न राहू दे, मी कुठं राहते तिकडे.

दुकानात एकदा थर्मासमधून नेली. आमचं दुकान शिकवणी वर्गांच्या रस्त्यावर आहे, नीटची पोरं रात्री दहापर्यंत नोट्सच्या झेरॉक्सला येतात. नांदेड, परभणी, हिंगोली, कुठकुठून आलेली, खोली करून राहणारी. सहा जणांना अर्धा अर्धा कप दिला. एकाने तोंड वाकडं केलं. एकाने विचारलं, यात काय टाकलंय, आजी हिवाळ्यात असंच काहीतरी द्यायची. परभणीच्या एका मुलीने काही विचारलं नाही, कप पुढे केला आणि दुसऱ्यांदा भरून घेतला. दुसऱ्या दिवशी ती मैत्रिणीला घेऊन आली, झेरॉक्स मात्र एकाच पानाची होती.

खरी परीक्षा येळवसेला झाली. लातूर-धाराशिवकडच्या लोकांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी : वेळा अमावस्येला आमचं अख्खं शहर ओस पडतं आणि सगळे शेतात जातात. कडब्याची कोप म्हणजे खोपटं, आत चुन्याने रंगवलेले दगडांचे पाच पांडव, भाज्या-डाळींची भज्जी, पिठाचे उंडे, खीर आणि बिंदगीतली, म्हणजे छोट्या मडक्यातली आंबील. या दिवशी जेवल्यावर माणूस लिंबाच्या झाडाखाली आडवा होतो तो चारलाच उठतो. मी गाडगं फडक्यात गुंडाळून मांडीवर घेऊन गेलो होतो. तीन दगडांची चूल मांडली, वाळलेल्या तुराट्या पेटवल्या आणि तवा न ठेवता गाडगं सरळ जाळावर. मावशी म्हणाली होती तेच, चुलीचा जाळ सगळीकडून लागतो. गाडगं बाहेरून काळं झालं, पण आवाज म्हणून काढला नाही. तुराट्यांचा धूर कॉफीत थोडासा उतरला आणि घरी गॅसवर जे जरा कमी वाटायचं ते तिथे भरून निघालं.

अकरा माणसं होती. तात्या उठून बसले, कप हातात घेतला, वास घेतला आणि म्हणाले, "आंबिलीवर ह्ये कशाला? पोटात भांडण लागंल." तरी प्यायले. पाच जणांनी दुसऱ्यांदा मागितली, चौघांनी ‘चहा होणार का’ विचारलं, आणि चुलत्याच्या धाकट्याने तळाचा गाळ बोटाने चाटला. तात्यांनी दुसऱ्यांदा मागितली नाही, पण गूळ कुठून आणला ते दोनदा विचारलं.

हिशेब सांगायचा तर, माझ्या पद्धतीने सहा कपांना कॉफी चौऱ्याऐंशी रुपयांची, गूळ साडेसहाचा, दालचिनी-लवंग दहाची. म्हणजे कप सतराला पडतो. टपरीवरचा चहा दहाला आहे, त्यामुळे ही रोजची गोष्ट होणार नाही. स्वस्तात करायची असेल तर साठऐवजी पन्नास ग्रॅम कॉफी टाका, त्याखाली उतरू नका, मग गुळाचं पाणी राहतं. पेटीतून मात्र दोनदाच कॉफी झाली, त्यातली एक बर्नरवर सांडली. पाचपैकी एक तारा देतो, तो कापडी पिशवीला. लापशीच्या रव्याएवढी जाड कॉफी असेल तर ती पिशवी खरंच चांगली आहे, शिलाई मजबूत आहे. चिकोरीची पावडर बायको दुधाच्या कॉफीत संपवते आहे. उरलेल्या काड्या मटणात गेल्या. फुटलेल्या भांड्यात आईने कोथिंबीर लावली आहे. तडा गेल्यामुळे पाण्याचा निचरा बरा होतो.

मागच्या आठवड्यात पुन्हा कुंभारवाड्यात गेलो होतो. गोल बुडाचं गाडगं ओतताना दोन्ही हातांनी धरावं लागतं, फडकं घसरतं, एकदा मनगट पोळलं. मावशीला विचारलं, याला एक कान आणि ओतायला चोच करून द्याल का. तिने हवेतच अंगठा आणि बोट फिरवून मला कान दाखवला, एवढा? म्हणालो, जरा मोठा, माझा हात जाईल असा. कानाचे वीस रुपये जास्त, आणि आत्ता नाही, सुगडांची घाई आहे. दोन सांगून ठेवलीत, एक माझं आणि एक भाचीला. संक्रांत झाली की भट्टी लावते म्हणाली.